दोघांना पुरून उरणारा: ॲरन डोनाल्डची कारकीर्द आणि बचावाचे अवघड गणित

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडच्या सोफाय स्टेडियमवर सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या अंतिम लढतीचा, छप्पन्नावा सामना संपत आला, तेव्हा भारतात सोमवारची सकाळ झाली होती. लॉस एंजेलिस रॅम्स २३, सिनसिनाटी बेंगल्स २०. घड्याळात पाऊण मिनिटही उरले नव्हते आणि चेंडू आपल्याकडे टिकवण्यासाठी बेंगल्सला केवळ एक यार्ड, म्हणजे मीटरभरही नाही, इतकेच पुढे सरकायचे होते. आदल्याच खेळीत त्यांच्या समाजे पेराइनने चेंडू घेऊन तो एक यार्ड मिळवण्याचा प्रयत्न केला होता, पण रॅम्सचा बचावपटू ॲरन डोनाल्ड याने त्याला जागच्या जागी धरून खाली ओढले होते. आता शेवटची संधी होती. बेंगल्सच्या आक्रमणाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, जो बरो हा चेंडू घेऊन मागे सरला, त्याला वाचवणाऱ्या समोरच्या गार्डला ओलांडून डोनाल्ड त्याच्यापर्यंत पोहोचला आणि त्याला कवेत धरून त्याने गर्रकन फिरवले. तोल जाता जाता बरोने चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो कोणाच्याही हाती न लागता जमिनीवर पडला. डोनाल्डने हेल्मेट काढले आणि हाताच्या बोटाकडे इशारा केला, कारण सुपर बोल जिंकणाऱ्या संघातील खेळाडूंना विजेतेपदाची अंगठी मिळते.

सामन्याच्या अधिकृत नोंदीत या खेळीपुढे ‘अपूर्ण पास’ एवढेच लिहिलेले आहे. बचावपटूच्या कर्तृत्वाचे जे सर्वांत प्रसिद्ध मोजमाप आहे, ते ‘सॅक’, म्हणजे चेंडू फेकण्यापूर्वी क्वार्टरबॅकला पाडणे, या खेळीसाठी त्याच्या खात्यावर जमा झाले नाही. एका श्रेष्ठ बचावपटूने कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम केले आणि हिशेबाच्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता, हे ज्याला नीट उमगले त्याला या खेळातील बचाव समजला असे मी मानतो. या लेखात डोनाल्डच्या कारकिर्दीचा धागा धरून तो उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी खेळाची चौकट पाहू. मैदान १०० यार्ड लांब असते आणि दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले तर पुन्हा नव्याने चार संधी, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. आपल्याकडे एकच खेळाडू फलंदाजीही करतो आणि क्षेत्ररक्षणही करतो, पण व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे आणि बचावाचे खेळाडू पूर्णपणे वेगळे असतात. चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला की एक फळी मैदानाबाहेर जाते आणि दुसरी आत येते. त्यामुळे बचावपटूची कारकीर्द हा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. त्याचे प्रशिक्षक वेगळे, शरीराची घडण वेगळी आणि यशाच्या कसोट्याही वेगळ्या.

आक्रमणाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे द्यायचा किंवा फेकायचा हे तो ठरवतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. या भिंतीसमोर बचावाची पहिली फळी उभी राहते, तिच्यामागे लाइनबॅकर आणि सर्वांत मागे दूरवरचे झेल रोखणारे कॉर्नरबॅक व सेफ्टी. डोनाल्डची जागा पहिल्या फळीत आणि तीही मध्यभागी, म्हणजे जिथे सर्वाधिक गर्दी, सर्वाधिक वजन आणि सर्वांत कमी मोकळी जागा असते तिथे. त्याच्या जागेलाही टॅकल असेच म्हणतात, पण तो बचावाचा टॅकल. नवख्या प्रेक्षकाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण प्रतिस्पर्ध्याला खाली पाडण्याच्या क्रियेलाही हाच शब्द आहे.

क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच, खेळी जिथून सुरू होते त्या आरंभरेषेच्या मागे तो असताना त्याला पाडले, तर त्याला सॅक म्हणतात. संघाची एक संधी वाया जाते, वर मिळवलेली जागाही गमवावी लागते. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय १९६०च्या दशकात रॅम्सकडूनच खेळलेल्या डीकन जोन्सला दिले जाते. मात्र लीगने खेळाडूंच्या नावावर सॅकची अधिकृत मोजणी १९८२ सालापासून सुरू केली, त्यामुळे खुद्द जोन्सचे आकडे अधिकृत यादीत नाहीत. दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडले तर प्रत्येकाला अर्धा सॅक मिळतो. म्हणूनच बचावपटूंच्या आकडेवारीत ‘२०.५’ असे अर्धवट वाटणारे आकडे दिसतात.

कबड्डी पाहणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. चढाईपटूची पकड होते तेव्हा गुण संघाला मिळतो आणि नाव पाय धरणाऱ्याचे होते. पण त्याआधी कोपरारक्षकाने त्याला कोंडीत पकडलेले असते आणि कुणीतरी मध्यरेषेकडे परतण्याची वाट बंद केलेली असते. त्या वाट अडवणाऱ्यामुळे पकड शक्य झाली, हे जाणकार प्रेक्षकाला दिसते, गुणफलकावर ते दिसत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा फरक फारच मोठा होतो. चढाईपटूला श्वास टिकवून तीस सेकंद मिळतात, तर क्वार्टरबॅक साधारण अडीच-तीन सेकंदांत चेंडू सोडून मोकळा होतो. इतक्या अल्प वेळात त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही तरी त्याला घाई करायला लावणे, त्याची उभे राहण्याची जागा मोडून टाकणे, त्याला आपल्या सहकाऱ्याच्या तावडीत ढकलणे हे सगळे बचावाच्या कामात मोडते.

डोनाल्डचा जन्म २३ मे १९९१ रोजी पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे झाला. पोलाद आणि कोळशाच्या इतिहासाचे हे शहर फुटबॉलवर मनापासून प्रेम करते. वडील आर्ची यांनी घराच्या तळघरात व्यायामशाळा उभारली होती आणि कोवळ्या वयातल्या ॲरनला ते पहाटे साडेचारला उठवून शाळेआधी तिथे घाम गाळायला लावीत, ही हकिकत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. पेन हिल्स हायस्कूलमधून तो पिट्सबर्ग विद्यापीठात, म्हणजे घराजवळच, गेला. तिथल्या शेवटच्या, २०१३च्या हंगामात त्याने ११ सॅक नोंदवले आणि महाविद्यालयीन स्तरावरील ब्रॉन्को नागुर्स्की, चक बेडनारिक, आउटलँड आणि लोम्बार्डी हे चार मोठे पुरस्कार एकाच वर्षी पटकावले.

असा खेळाडू २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, तेराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक का राहिला? उत्तर त्याच्या अंगकाठीत आहे. उंची सहा फूट एक इंच, वजन सुमारे १३० किलो. आपल्याला हा माणूस डोंगरासारखा वाटेल, पण त्याच्या जागेवर खेळणारे बहुतेकजण त्याहून उंच आणि १३५ ते १५० किलोंचे असतात. मधल्या गर्दीत हा चेपला जाईल, अशी अनेकांची समजूत होती. ड्राफ्टपूर्वीच्या चाचण्यांत त्याने ४० यार्डांचे अंतर ४.६८ सेकंदांत कापले आणि सुमारे १०२ किलोंचा भार बाकावर पडून ३५ वेळा उचलला. त्या वजनाच्या माणसाने इतके वेगाने धावणे दुर्मीळ होते. तरीही ज्या रॅम्सने, तेव्हा हा संघ सेंट लुइसचा होता, त्याला घेतले, त्यांनीसुद्धा त्याच वर्षी आधी दुसऱ्या क्रमांकावर आक्रमणाच्या भिंतीतला एक खेळाडू निवडला होता. पहिल्याच हंगामात डोनाल्डने ९ सॅक नोंदवून वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा मान मिळवला.

जो कमीपणा मानला गेला, त्याचाच त्याने उपयोग करून घेतला. या खेळात एक म्हण झालेले तत्त्व आहे: जो खाली, तो वरचढ. समोरच्याच्या छातीखाली ज्याला शिरता येते त्याला समोरच्याचा तोल उचलता येतो. कुस्तीचा आखाडा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. डोनाल्डची उंची कमी, त्यामुळे तो आपोआप खाली असे; पाय आणि कंबर विलक्षण बळकट, त्यामुळे खालून वर दिलेला धक्का जबर बसे. पण त्याचे खरे हत्यार हात होते. भिंतीतला गार्ड बचावपटूच्या छातीवर दोन्ही पंजे रोवून त्याला धरू पाहतो, आणि एकदा ते पंजे नीट बसले की सुटका कठीण. डोनाल्ड ते हात बसूच देत नसे. मनगटावर फटका मारून, कोपर खालून उचलून किंवा दंड खाली दाबून तो क्षणात बाजूने निसटत असे. २०२१ साली त्याच्या सरावाची एक चित्रफीत सर्वत्र फिरली, ज्यात समोरचा माणूस त्याच्यावर दोन्ही हातांत सुऱ्या घेऊन वार करतो आहे आणि हा ते वार हातांनी परतवतो आहे. सुऱ्या खोट्या होत्या, पण कल्पना पक्की होती: येणारा पंजा सुरीइतकाच टाळायचा.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. बचावाची आखणी करताना प्रशिक्षक जी साधी बेरीज-वजाबाकी मांडतो, ती अशी. समोर भिंतीचे पाच जण आहेत आणि आपण साधारणपणे चार जण क्वार्टरबॅकच्या दिशेने सोडणार आहोत. पाचांपैकी चौघे एकेकाला धरतील आणि एक मोकळा राहील. तो मोकळा माणूस ज्या बचावपटूला धरायला मदत म्हणून जातो, त्याच्यावर ‘डबल टीम’ लागली असे म्हणतात. बहुतेक बचावपटूंना दोघांनी धरले की त्यांचे काम त्या खेळीपुरते संपते. डोनाल्डच्या बाबतीत प्रतिस्पर्धी निम्म्याहून अधिक वेळा दोघे लावीत आणि क्वचित तिसराही त्याच्याकडे झुके. तरीही तो त्या दोघांना पुरून उरे. यामागचे गणित मात्र त्याच्या सॅकच्या आकड्यांहून मोठे आहे. त्याच्यावर दोघे लागले, याचा अर्थ उरलेल्या तिघा सहकाऱ्यांना प्रत्येकी एकच जण भिडणार हे जवळजवळ निश्चित झाले. विरोधी संघ आठवडाभर जी योजना आखी, तिचा पहिला प्रश्नच ‘९९ नंबर (म्हणजे डोनाल्ड) कुठे उभा आहे’ हा असे, आणि बाकीच्या योजनेला त्या उत्तराच्या मागे मागे जावे लागे.

मध्यभागी असण्याचाही एक खास परिणाम असतो. टोकाकडून येणारा बचावपटू क्वार्टरबॅकला दिसतो आणि त्याच्यापासून वाचायला एक पाऊल पुढे सरकून भिंतीच्या आडोशाला जाता येते. मधून येणाऱ्यापासून असा आडोसा मिळत नाही. पुढे जावे तर तो तिथेच उभा, मागे जावे तर टोकांवरून येणारे टपलेले. शिवाय तोंडासमोरच तो आल्यामुळे दूरवर कोण मोकळा आहे हे पाहायलाही फुरसत राहत नाही. सुपर बोलच्या त्या शेवटच्या खेळीत बेंगल्सचा जमार चेस आपल्या रक्षकाला मागे टाकून पुढे निघाला होता. त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवायला बरोला आणखी क्षणभर लागला असता, आणि तोच त्याला मिळाला नाही.

२०१८चा हंगाम हा या कारकिर्दीचा कळस. त्या वर्षी त्याने २०.५ सॅक नोंदवले. त्याच्या जागेवरील खेळाडूचा एका हंगामातील आधीचा विक्रम कीथ मिलार्डच्या १८ सॅकचा, १९८९ सालचा, म्हणजे तीन दशके अबाधित होता. मधून खेळणाऱ्याने वीस ओलांडणे म्हणजे काय, याची कल्पना येण्यासाठी एवढे लक्षात घ्यावे की सॅकच्या याद्यांत वरचे क्रमांक बहुतांशी टोकांवरून धावणाऱ्यांनी व्यापलेले असतात, कारण त्यांना मोकळी धाव मिळते. त्या वर्षी रॅम्स सुपर बोलपर्यंत पोहोचले, पण फेब्रुवारी २०१९मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून १३-३ असे हरले. बचावाने समोरच्याला अवघ्या १३ गुणांवर रोखले होते, आणि तरीही पराभव झाला. आक्रमण तीन गुणांपलीकडे गेले नाही, तर जगातला सर्वोत्तम बचावपटूही बाकावर बसून नुसते पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही. या व्यवसायातील ही अगतिकता मला फार बोचते.

वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा मिळाला. इतक्या वेळा तो मिळवणारे त्याच्याखेरीज लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट हे दोघेच होते. तरीही संपूर्ण लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान त्याच्या वाट्याला कधीच आला नाही. तो मान आजवर केवळ दोन बचावपटूंना मिळाला आहे: १९७१ साली ॲलन पेज आणि १९८६ साली लॉरेन्स टेलर. जिंकलेल्या सुपर बोलमध्येही डोनाल्डने दोन सॅक नोंदवले आणि निर्णायक खेळीही त्यानेच केली, पण सामनावीर ठरला झेल घेणारा कूपर कप. कपचा खेळ त्या दिवशी खरोखर अप्रतिम होता, त्यामुळे निवडीला मी चूक म्हणणार नाही. मात्र गुण मिळवणारा डोळ्यांत भरतो आणि गुण न मिळू देणारा भरत नाही, ही या खेळातील पुरस्कारांची जुनी खोड आहे.

बचावपटूची किंमत ठरवण्याची लढाई त्याला मैदानाबाहेरही लढावी लागली. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार ठरावीक चौकटीत बसवलेला असतो, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला संघ पाचवे वर्षही आपल्याकडे ठेवून घेऊ शकतो. म्हणजे खेळाडू लीगमध्ये सर्वोत्तम ठरला तरी काही वर्षे त्याला बाजारभाव मिळत नाही, आणि तेवढ्यात गुडघा गेला तर तो कधीच मिळत नाही. नवा करार हवा म्हणून डोनाल्ड २०१७मध्ये हंगामपूर्व शिबिराला गेलाच नाही आणि पहिला सामनाही त्याने खेळला नाही. त्याच हंगामात तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढच्या वर्षीही तो शिबिरापासून दूर राहिला आणि अखेर ३१ ऑगस्ट २०१८ रोजी सहा वर्षांसाठी १३ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. तो तेव्हाचा बचावपटूचा सर्वांत मोठा करार होता, पण एक दिवसच टिकला, कारण दुसऱ्याच दिवशी शिकागो बेअर्सने खलील मॅकला १४ कोटी १० लाखांचा करार दिला. इथे वाचकाने एक खुणगाठ बांधावी. अशा आकड्यांतील सगळी रक्कम हमीची नसते. संघाने खेळाडूला मध्येच काढले तर बिगरहमीची रक्कम त्याला मिळत नाही. डोनाल्डच्या त्या करारात हमीची रक्कम ८ कोटी ७० लाख डॉलर होती. सुपर बोल जिंकल्यावर २०२२मध्ये करार सुधारला गेला आणि क्वार्टरबॅक वगळता लीगच्या इतिहासातील सर्वाधिक मानधनाचा खेळाडू तो ठरला.

या कारकिर्दीवर डागही आहे आणि तो लपवणे योग्य नाही. ऑगस्ट २०२२मध्ये बेंगल्सबरोबरच्या संयुक्त सरावात हाणामारी झाली, तेव्हा डोनाल्ड प्रतिस्पर्ध्यांची हेल्मेट हातात घेऊन फिरवताना चित्रफितीत दिसला. सराव असल्यामुळे लीगने त्याला निलंबित केले नाही, पण हेल्मेट हे डोके वाचवण्याचे साधन आहे आणि डोक्याला होणारी इजा हे या खेळाचे सर्वांत मोठे दुःख आहे. वीस हंगाम खेळलेला लाइनबॅकर ज्युनियर सिओ याने २०१२ साली आपले जीवन संपवले आणि पुढे त्याच्या मेंदूच्या तपासणीत, वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा मेंदूचा आजार आढळला. जो खेळाडू प्रत्येक खेळीत दोन माणसांवर आदळतो, त्या डोनाल्डच्या हातून हेल्मेटचा असा वापर व्हावा याचे मनापासून वाईट वाटते.

त्याच २०२२च्या हंगामात घोट्याच्या दुखापतीमुळे तो केवळ ११ सामने खेळला आणि ५ सॅकवर थांबला. २०२३मध्ये तो परतला, ८ सॅक नोंदवले आणि आठव्यांदा लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. जानेवारी २०२४मध्ये डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा बाद फेरीतील सामना रॅम्सने एका गुणाने, २४-२३ असा, गमावला आणि १५ मार्चला डोनाल्डने निवृत्ती जाहीर केली. वय ३२. दहा हंगाम, १५४ सामने, १११ सॅक आणि दहाही वर्षी प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवड. करार शिल्लक होता आणि खेळही उतरणीला लागलेला नव्हता. संघाने नको म्हणण्याची वेळ येण्याआधी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडणे बचावाच्या पहिल्या फळीत फार थोड्यांना साधते.

त्याच्या जाण्यानंतर सहा आठवड्यांत २०२४चा ड्राफ्ट झाला. रॅम्सने २०१६नंतर प्रथमच पहिल्या फेरीतील निवड वापरली. एकोणिसाव्या क्रमांकावर त्यांनी जॅरेड व्हर्स हा बचावाच्या पहिल्या फळीतील खेळाडू घेतला, आणि दुसऱ्या फेरीत आपल्या पाळीच्या आधीची पाळी मिळवून, एकोणचाळिसाव्या क्रमांकावर, त्याच फळीतला ब्रेडन फिस्क घेतला. दोघेही फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात एकत्र खेळलेले. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा पुरस्कार, जो दहा वर्षांपूर्वी डोनाल्डने मिळवला होता, व्हर्सला मिळाला. एका माणसाची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी संघाने आपल्या पहिल्या दोन्ही निवडी खर्च केल्या होत्या.